सव्वा व्होल्टचे नेमाभाऊ

नेमाभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडे जायचे. पाणी नाही, बसणं नाही, "कसं काय" नाही. खांद्यावरच्या पिशवीतून काळं मीटर काढायचे, त्याच्या दोन सुया प्लगच्या भोकांत घालायचे, काटा पाहायचे आणि मग वळून घरच्या माणसांना सांगायचे, "एकशेपंचावन्न. तुमच्या घरात काई दम नाई जी." हे सांगून झालं की मग नमस्कार.

आमच्या गल्लीतल्या एका शिक्षकाचे वडील वारले तेव्हाही ते असेच आले. बायका रडत होत्या. नेमाभाऊ कोपऱ्यातल्या प्लगशी वाकले, सुया घातल्या, काढल्या. मग शिक्षकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकशेअडुसष्ट. लय वाईट झालं." दोन्हींपैकी कशाबद्दल वाईट वाटलं ते कोणालाच कळलं नाही.

मी तेव्हा रिसोडला एका खाजगी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. माझी नोकरी कच्ची होती. दर वर्षी जूनमध्ये मिळायची, एप्रिलात जायची. कच्च्या नोकरीचा माणूस सगळ्यांना नमस्कार करतो आणि कोणाच्याही विनोदाला हसतो. मी दोन्ही करत होतो.

माझ्या खोलीसमोरच नेमाभाऊंचं घर. जैन कुटुंब, बाजारपेठेत कापडाचं दुकान. थोरले रतनभाऊ गादीवर बसायचे. धाकटे नेमाभाऊ, वय पंचेचाळीसच्या पुढे, लग्न नाही, हे दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात लोखंडी टेबलाशी बसायचे. टेबलावर तारा, जुने रेडिओ, कथलाची वेटोळी. गिऱ्हाईक म्हणायचं, "दोन मीटर पॉपलीन द्या." नेमाभाऊ मान वर न करता विचारायचे, "तुमच्या गावात दिवेलागणीले होल्टेज किती राह्यते?" गिऱ्हाईक घाबरून पॉपलीन न घेताच जायचं. मग रतनभाऊ त्यांच्याकडे असं बघायचे, जसं माणूस भिंतीतून आलेल्या वाळवीकडे बघतो.

तेव्हा आमच्याकडची वीज म्हणजे एक चेष्टाच होती. संध्याकाळी दिवा लावला की तो निखाऱ्यासारखा लाल व्हायचा आणि तेवढाच राहायचा. पहाटे शेतांतल्या पाण्याच्या मोटारी बंद झाल्या की तोच दिवा पांढराफटक पेटायचा आणि फुटायचा. सगळं गाव याला सरावलं होतं. नेमाभाऊ सरावले नव्हते. दिवस मावळायच्या आत त्यांच्या घरची जेवणं उरकलेली असत. ताटावरून उठले की ते मीटर घेऊन बसत आणि वहीत आकडे लिहीत. अशा सात वह्या होत्या.

"कायले लिहिता?" मी एकदा विचारलं.

"मास्तर, माणूस खोटं बोलते तर आपण ध्यानात ठेवतो का नाई? हे रोज खोटं बोलते. दोनशेतीस म्हणते आन् दीडशे देते. लिहून ठेवाले पाह्यजे."

त्यांचं एकच ध्येय होतं, हलणाऱ्या विजेतून न हलणारी वीज काढायची. तीही हवी तेवढी. नऊ म्हटलं की नऊ, साडेसात म्हटलं की साडेसात. या कामाला ते रेग्युलेटर म्हणत. गाव रेग्युलेटर म्हटलं की पंख्याचा समजायचं. लोक पंख्याची काळी डबी घेऊन यायचे आणि नेमाभाऊ चिडायचे. "पंख्याचा नाई जी! तो फकस्त गळा दाबते. हा सांभाळते."

कित्येक वर्षं त्यांनी निरनिराळे तुकडे जोडून डबे बनवले. दहा मिनिटं बरे चालायचे. मग तापायचे आणि आकडा सरकायचा. मग एका इंग्रजी मासिकात त्यांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलं, की हे सगळं काम एकटा करणारा तीन पायांचा एक किडा आता निघाला आहे. त्यांनी मुंबईच्या दुकानाला सहा पत्रं लिहिली. चार महिन्यांनी पार्सल आलं. काडेपेटीएवढी डबी, आत कापूस, कापसात तो. त्यांनी मला दुकानातून हाक मारून बोलावलं आणि बाळंतिणीनं दुपटं बाजूला करावं तसा कापूस बाजूला केला.

"तीन पाय पाहा. एकातून येते, एकातून जाते, आन् तिसऱ्याले आपण सांगाचं किती पाह्यजे ते."

"एवढंच?"

"एवढंच काय जी! याच्या पोटात सव्वा होल्ट कायम राह्यते. भाईर तुफान येवो, सव्वा हालत नाई. त्या सव्वाच्या भरोशावर आपण खुंटी फिरवाची, पाच घ्या, दहा घ्या. आन् सव्वाच काहून? हे बनवणाऱ्या सायबाले बी कळलं, का सव्वा शुभ राह्यते."

तेव्हापासून बाजारात त्यांचं नाव सव्वाभाऊ पडलं. ते नाव त्यांना आवडलं. माणसांचीही ते आता तशीच परीक्षा करू लागले. कोणी शब्द फिरवला की म्हणायचे, "याच्या पोटात सव्वा नाई." आमच्या गावात त्यांना पोटात सव्वा असलेली माणसं फारशी सापडली नाहीत. माझ्याबद्दल मी विचारलं नाही.

त्यांच्या लग्नाची गोष्ट गावात अजून रंगवून सांगत. पंधरा-वीस वर्षांपूर्वी कामरगावला मुलगी पाहायला गेले होते. पोहे आले, मुलगी आली. वडीलधारे म्हणाले, काही विचारायचं तर विचार. नेमाभाऊंनी विचारलं, "तुमच्याकडे संध्याकाळी होल्टेज किती राह्यते?" मुलगी म्हणाली, "आमच्याकडे लाईटच नाई." माणसं हसून लोळली. लग्न मोडलं. गोष्ट इथेच संपते असं गाव समजत होतं. पण नेमाभाऊंनी एकदा पुढचं मला सांगितलं. "मले ते पोरगी पसंत होती. खरं बोलली. घरी येऊन मी दादाले हो म्हणलं. दादानं तिकडे 'नाई' म्हणून कळवलं." वहिनी तेव्हा म्हणाल्या होत्या, या येड्याची बायको आली की दुसरी चूल आली. मग त्याचं हसं करून ठेवणंच सोपं होतं. हसं झालेल्या माणसाला कोणी पुन्हा विचारत नाही.

आता शाळेतला प्रकार. तो मला टाळता येत नाही.

आमच्या स्नेहसंमेलनाला पंचायत समितीचे सभापती येणार होते. मुलींचं नृत्य टेपवर होतं. टेपरेकॉर्डर सभापतींच्याच घरून आणला होता आणि त्याचे सेल ऐनवेळी उतरलेले. गाणं आजारी माणसाच्या कण्हण्यासारखं वाजत होतं. मीच सुचवलं, की नेमाभाऊंचा डबा आणू. नेमाभाऊ आले. धुतलेला पांढरा सदरा, हातात पत्र्याचा डबा, त्याच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा तुकडा आणि पुढे एक खुंटी. त्यांनी मीटर लावून बरोबर सहा व्होल्ट केले. गाणं असं खणखणीत वाजलं, की मुलींनी टाळ्या वाजवल्या. नेमाभाऊ लाजले. मला म्हणाले, "आता हात लावू नका, फकस्त आयका," आणि प्रेक्षकांत जाऊन मागे बसले.

नृत्य सुरू झालं. सभापती खुर्चीतून हेडमास्तरांना म्हणाले, "आवाज वाढवा जरा." हेडमास्तर लगबगीनं उठले. टेपरेकॉर्डरवर आवाजाचं बटन होतं, पण ते लहान होतं. डब्यावरची खुंटी मोठी होती. मी माईक धरून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला दिसलं, ते खुंटी धरतायत. त्यांनी ती पार शेवटापर्यंत फिरवली.

गाणारी बाई एकदम उंदरासारखी चिरकू लागली. मुली बिचाऱ्या ताल सोडायचा नाही म्हणून तिच्या वेगानं नाचू लागल्या. मंडप हसला. मग धूर आला. मग काहीच वाजलं नाही.

हेडमास्तरांनी माझ्या हातून माईक घेतला आणि सांगितलं, की एका हौशी गृहस्थाच्या घरगुती यंत्रामुळे सन्माननीय सभापतींचा टेपरेकॉर्डर जळाला आहे, त्याबद्दल ते गृहस्थ क्षमा मागतील. नेमाभाऊ मागून चालत आले. स्टेजवर चढले. डब्याकडे बघितलं, खुंटी कुठे आहे ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी माईकची तार गुंडाळत होतो. फार मन लावून गुंडाळत होतो.

नेमाभाऊंनी हात जोडले. "चुकी झाली," म्हणाले आणि डबा उचलून गेले.

पुढचे आठ दिवस गावाला दुसरा विषय नव्हता. सव्वाभाऊचा जळकाभाऊ झाला. रतनभाऊंनी दुकानातलं लोखंडी टेबल उचलून घरी पाठवलं आणि त्या जागी चादरींचे गठ्ठे रचले.

पुढच्या रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. समोर राहून दोन वर्षं झाली होती, पण आत कधी बोलावणं नव्हतं. मधल्या खोलीत ते टेबलाशी बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "नेमाभाऊ, खुंटी हेडमास्तरांनी फिरवली. मी पाहिलं होतं."

"मालूम हाय."

"मी बोलायला पाहिजे होतं."

"तुमची नोकरी पक्की झाली काय?"

"नाही अजून."

"मंग बरं केलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. "माहीच चूक हाय, मास्तर. फिरवाची गोष्ट ठेवली का माणूस ते शेवटवरी फिरवते. आता मी खुंटी डब्याच्या आत घेतली. पेचकस घालून फिरवाची. बसा."

मी बसलो, तेव्हा दिसलं की खाटेवर एक म्हातारी आहे. पांढरं लुगडं, हातात जपमाळ, मान जराशी वाकडी.

"माही अक्का," नेमाभाऊ म्हणाले. "थोरली बहीण. आयकू येत नाई तिले."

कथील वितळवता वितळवता ते तुटक तुटक सांगत होते. आई गेली तेव्हा नेमाभाऊ तीन वर्षांचे. अक्का त्याच साली विधवा होऊन माहेरी आली होती. तिनंच त्यांना वाढवलं. पुढे तिचे कान हळूहळू जात गेले आणि पंधरा वर्षांपूर्वी पुरते गेले. घरात तिच्याशी दोनच शब्द ओरडून बोलत, "जेवा" आणि "सरका". अकोल्याहून कानाचं यंत्र आणलं होतं. नवा सेल असला की दोन दिवस ऐकू यायचं, मग सेल उतरायला लागला की गाडग्यात खडे हलवल्यासारखा आवाज. अक्कानं ते काढून ठेवलं. तेव्हा नेमाभाऊंच्या मनानं घेतलं, की हे यंत्र घरच्या विजेवर चालवायचं, म्हणजे सेल नको. आणि घरची वीज कशी होती ते मी आधी सांगितलंच आहे.

"कमी देलं तर पोचत नाई. जास्ती देलं तर बोचते," ते म्हणाले. "मधात कुठं तरी तिचा आकडा हाय. तो सापडला का तिथंच थांबाले पाह्यजे."

सात वह्या कशासाठी होत्या ते मला त्या दिवशी कळलं. गावात कोणालाच माहीत नव्हतं. कोणी नीट विचारलंच नव्हतं, मीही नाही. आम्ही सगळे हसण्यात गुंतलो होतो.

त्यांनी अक्काच्या डोक्यावर जुन्या बाजारातला लष्करी हेडफोन चढवला. समोर लहानसा माईक. डब्याच्या भोकात पेचकस घालून ते केसभर फिरवायचे आणि माईकशी तोंड नेऊन म्हणायचे, "अक्का." ती बोट हलवून नाही म्हणायची. पुन्हा केसभर. "अक्का." तिनं तोंड वेडावाकडं केलं, जास्त झालं होतं. पुन्हा मागे. "अक्का." असं किती वेळ चाललं कोण जाणे. काटा साडेसातावर आला तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "अक्का."

म्हातारीचा हात जपमाळेवर थांबला. ती नेमाभाऊंच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"नेम्या," ती म्हणाली, "तुहा आवाज बाबासारखा झाला रे."

नेमाभाऊंनी पेचकस खाली ठेवला आणि उगाचच सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस मी रोज दुपारी जात होतो. माझ्या अपराधाची मी अशी परतफेड करत होतो, असं मला वाटायचं. अक्का हेडफोन लावून बसायची. पाण्याची चरवी, चिमण्या, पिठाच्या गिरणीची फटफट, एकेक आवाज ती ओळखायची आणि आपण ओळखला म्हणून हसायची. आम्हाला तिनं पोरीबाळींसारखं रंगून गोष्टी सांगितल्या. घरात बाकी कोणाचा या डब्यावर विश्वास नव्हता. येड्यानं बहिरीच्या डोक्यावर काहीतरी चढवलं आहे, एवढंच.

एका दुपारी वहिनींची बहीण आली होती. स्वयंपाकघर लागूनच. दार उघडं. पंधरा वर्षं अक्कासमोर कोणी आवाज खाली केला नव्हता, त्या दिवशी तरी का करावा?

"बसली हाय अजून," वहिनी म्हणाल्या. "माह्या लग्नाच्या आंधीपासून बसली हाय. वर जाचं नावच घेत नाई."

बहीण काहीतरी म्हणाली.

"आन् हा खुळा तिले यंत्र करून देते. कायले? मरताना मंत्र आयकू याले पाह्यजे म्हणून?" दोघी हसल्या. "लवकर उपेगात येवो म्हणावं."

मी अक्काकडे पाहिलं. ती हसत होती. मघाशी चिमणी ओळखली होती, ते हसू तोंडावर तसंच होतं. काढायचं राहून गेल्यासारखं. मग तिनं दोन्ही हातांनी हेडफोन उतरवला. तार सारखी केली, नीट गुंडाळली आणि नेमाभाऊंच्या हातात दिली.

"लय चांगलं केलं तू," ती म्हणाली. "आता ठेवून दे."

नेमाभाऊ डबा मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, आता आत जातील, ओरडतील. ते गेले नाहीत. मला म्हणाले, "हे असं मी रोजच आयकतो, मास्तर. मले त्याचं काई वाटेनासं झालं होतं. मी फकस्त आवाज साफ करत राह्यलो. आयकू काय येईन, याचा इचारच नाई केला."

महिन्याच्या आत नेमाभाऊंनी घर सोडलं. आयुष्यभर भावाच्या ताटात जेवलेला माणूस एक पत्र्याची पेटी, तो डबा आणि अक्काला घेऊन जऊळक्याला राहायला गेला. रतनभाऊंनी चार माणसांदेखत विचारलं, "काहून चालला? काय कमी हाय इथं?"

"इथं लय गोंगाट हाय," नेमाभाऊ म्हणाले.

बाजार पुन्हा हसला. बहिरीला घेऊन निघाला आणि म्हणतो गोंगाट आहे! ही गोष्ट मी गेल्यानंतरही रिसोडात सांगत असतील. मीही त्या दिवशी दुकानासमोर होतो. मी हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येतं. फार नाही ते.

माझी नोकरी पक्की झाली नाही. हेडमास्तरांचा भाचा मराठी घेऊन बी. ए. झाला होता. एप्रिलमध्ये मी वळकटी बांधली, वाटेतल्या मालेगावला एसटी बदलली आणि अकोल्याची रेल्वे धरायला जऊळक्याला उतरलो. गाडीला चार तास अवकाश होता. नेमाभाऊंचं घर विचारत गेलो. "ते रेडिओवाले? बहिणीसंगं राह्यतात ते?" असं लोकांनी विचारलं. येडा कोणी म्हणालं नाही. कदाचित अजून ओळख पुरती झाली नसावी.

दोन खोल्या, वर टिनं. नेमाभाऊ वाळले होते. त्यांनी स्वतः चहा केला, वाईट केला. अक्का भिंतीला टेकून बसली होती. डबा फळीवर होता, शेजारी गुंडाळलेला हेडफोन. तिनं तो इथं आल्यापासून एकदाही लावला नव्हता. नेमाभाऊ रोज पुसून ठेवत, पण विचारत नव्हते.

"मी तरी काय म्हणू?" ते म्हणाले. "माह्यानं काई तिले सांगवत नाई, का आता आयक."

आम्ही काहीबाही बोलत होतो. अक्का आमची तोंडं पाहत होती. एकाएकी तिनं विचारलं, "नेम्या, घरात कोन कोन हाय?"

नेमाभाऊंनी मला दाखवलं, मग स्वतःला.

"अजून?"

त्यांनी मान हलवली. कोणी नाही.

"हे मास्तर माह्याबद्दल काई म्हणतात?"

नेमाभाऊंनी पुन्हा मान हलवली. तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग लाव."

नेमाभाऊ उठले. डबा उतरवला, प्लग लावला, हेडफोन तिच्या कानांवर बसवला, माईक जवळ सरकवला. आणि माईकशी तोंड नेऊन थांबले. इतकी वर्षं हा माणूस या एका क्षणासाठी काटा सांभाळत आला होता आणि आता त्याला काय बोलावं ते सुचत नव्हतं.

"काय बोलू, अक्का?"

"काई बोलू नको," ती म्हणाली. "असंच राहू दे."

तिनं डोळे मिटले. ती ऐकत होती. घरात कोणीच काही बोलत नव्हतं, तेच ती ऐकत होती. तिची मान हळूच भिंतीला टेकली. मी श्वास धरून बसलो. नेमाभाऊंच्या हातात चहाचा कप तसाच होता. बशीत ठेवला तर वाजेल, म्हणून तो गार होईपर्यंत ते हातात धरून बसून राहिले.